गुलबर्ग्याची चार तासांची शांतता

चोरीला गेलेली वस्तू तळहाताएवढी होती आणि तिच्यात एका मेलेल्या बाईचा आवाज होता.

बिदरजवळच्या नौबादला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून मृत्युंजयने एवढं सांगितलं आणि तो थांबला. खाली गिरणी घरघरत होती. विजयश्रीने खिडकी लावून घेतली. भगवानरावांनी वही उघडली. हवालदारकीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांची वही सुटली नव्हती. आपल्या वहीतलं पहिलं उत्तर नेहमी चुकतं, याची मात्र विजयश्रीबरोबर चोऱ्यांचा तपास करताना त्यांना सवय झाली होती.

मृत्युंजय मग एका दमात बोलला. वीस वर्षांपूर्वी गुलबर्ग्यात कॉलेजला असताना तिघांनी मिळून एक व्हिडिओ गेम केला होता. तो स्वतः, त्याची थोरली बहीण मंजुश्री आणि पुढे तिचा नवरा झालेला शिवप्रसाद. नाव ‘निर्वात’. बंद पडलेलं अंतराळयान, आत उरलेला एकटा मिस्त्री. यानात जे हिंडतं त्याला डोळे नाहीत, ते आवाजावर येतं. मिस्त्रीने श्वास रोखून एकेक दार ओलांडायचं. त्याला वाट सांगायला यानाचा आवाज, तो मंजुश्रीचा. सीडीवरून सीडी होत तो खेळ कुठल्या कुठे पोचला. आता बंगळूरची एक कंपनी तो नव्याने काढत होती आणि मृत्युंजयचा स्टुडिओ दोन वर्षं त्याच कामावर होता.

मंजुश्री सहा वर्षांपूर्वी वारली. घशाचा कर्करोग. शेवटचे चार महिने ती पाटीवर लिहून बोलत होती.

“नव्या खेळात ताईचाच आवाज पाहिजे,” मृत्युंजय म्हणाला. “मशीनला जुना आवाज शिकवला की ते नवी वाक्यं बोलतं. शेवटी यान मरतं तेव्हा कंपनीला एक किंकाळी पाहिजे. जुन्या सीडीवरनं करून बघितली. खरखरीत आली. चांगलं, स्वच्छ रेकॉर्डिंग एकाच हार्ड डिस्कवर होतं. ती शिवप्रसादनं येळवशीच्या आदल्या दिवशी आणून दिली. येळवशीला गेली.”

“कॉपी?”

“डिस्क वीस वर्षांची. आपण जोडावी तर कायमची बंद पडायची भीती. हैदराबादहून माणूस येणार होता, सणानंतर.”

ती सापडली नाही तर तो स्वच्छ आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. संशय कुणावर, असं विचारल्यावर त्याने भावोजींचं नाव घेतलं. किंकाळीवरून दोघांचं भांडण झालं होतं आणि स्टुडिओची एक किल्ली अजून शिवप्रसादकडे होती.

भगवानरावांनी वहीत नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

*

गुलबर्ग्यातल्या स्टुडिओचं कुलूप फोडलेलं नव्हतं. आतल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, तेही किल्लीनेच उघडलेलं. त्याच्या मुठीवर पांढरी बोटं उमटली होती. विजयश्रीने वास घेतला. चुना.

“येळवशीचा,” भगवानराव म्हणाले. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, त्यांना चुन्याने रंगवतात. “चोर पूजा करून आला.”

विजयश्रीने मान डोलवली. भगवानरावांना बरं वाटलं.

तिथे त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली, जी चोराला ठाऊक नव्हती. आवाजाचं काम बघणारी सुधारानी ती सांगताना ओशाळली होती. यानात शिरल्यावर खेळणाऱ्याला ऐकू येते ती शांतता खरी असावी, असा तिचा हट्ट. पण गुलबर्ग्यात शांतता मिळते कुठे? वर्षातून एकदाच. येळवशीला अख्खं गाव शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, कोर्टाच्या आवारात कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणून ती सकाळीच खोलीत माइक लावून आळंदकडे आपल्या शेतात निघून गेली होती. माइकची वायर भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात होती. रेकॉर्डर तिकडे, बारा ते चार आपोआप चालणारा. इकडे नुसता माइक. मृत्युंजयला तिने फोनवर सांगून ठेवलं होतं. बाकी कुणाला माहीत नव्हतं.

चार तासांची शांतता विजयश्री आणि भगवानरावांनी हेडफोन लावून ऐकली. भगवानरावांनी नोंद केली ती अशी:

*१२.००. काही नाही.*

*१२.४०. काही नाही. कबूतर.*

*१.१४. कुलूप. दार. पावलं. अनवाणी, दबकत. दोन पावलं, थांबला. दोन पावलं, थांबला.*

*१.१६. माइकला धक्का. टक्. टक्. मग फुंकल्यासारखं.*

*नंतर थोडा वेळ काही नाही.*

*१.१७. पावलं. आता भरभर. कपाट उघडलं, दणकन. खुर्ची ओढली. बसला असावा.*

*१.१८ ते १.३०. श्वास. घोगरा, तुटक, मोठा. खेळातल्या त्या जनावरासारखा.*

*१.३१. दार. कुलूप.*

“हा श्वास मशीनचा असंल,” ते म्हणाले. “गेमातला.”

“मशीन बंद होतं.”

“मग दम लागला असंल, अक्का. जिने चढून आलाय.”

“दार उघडताना दम नव्हता,” विजयश्री म्हणाली. “कपाट उघडल्यावर लागला.” तिने ती बारा मिनिटं पुन्हा लावली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. भगवानराव तोवर बाहेर एका संगणकावर नवा ‘निर्वात’ खेळून आले. तिसऱ्या दारापाशी तिन्ही वेळा मेले.

*

शिवप्रसाद बिदरला शाळेत शिकवत होता. त्याची फक्त उत्तरं खाली दिली आहेत. प्रश्न ओळखायला अवघड नाहीत.

“व्हय, किल्ली हाय माझ्याकडं. ही बघा. परत द्यायची राहिली.”

“येळवशीला आमच्या शेतात होतो. पांडव मीच रंगवले. चुना लागणारच की.”

“न्हाई. दुपारचं कुणी बघितलं म्हणून सांगता येत न्हाई. त्या दिवशी कोण कुणाच्या कोपीत जेवायलाय, कुणाला पत्ता असतो?”

“भांडलो. किंकाळीवरनंच भांडलो. ती तीन महिने पाटीवर ‘पाणी’ लिहायची, भगवानराव. ओरडायला तिला आवाजच उरला नव्हता.”

“चार महिने. व्हय. चुकलो.”

“मग दिली कामून? कारण मृत्युंजय तिचा भाऊ हाय. आन मी ती डिस्क सहा वर्षांत एकदाबी लावली न्हाई. लावली आन चाललीच न्हाई तर? म्हटलं, त्यांच्याकडं जाणती माणसं हायती.”

“रेकॉर्डिंग सगळं मीच केल्यालं. माइक एका खोलीत, मशीन दुसऱ्या खोलीत. मशीनचा आवाज माइकात येऊ नये म्हणून. अजूनबी तसंच करत्यात.”

बाहेर पडल्यावर भगवानरावांनी वहीतल्या नावाखाली दुसरी रेघ ओढली. किल्ली, चुना, भांडण, साक्षीदार नाही.

*

खजुरी या गावी मृत्युंजय आणि मंजुश्रीचे आईवडील राहत. सिद्धलिंगप्पांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं: लग्नाला, जत्रेला भोंगे आणि माइक भाड्याने देण्याचं, पन्नास वर्षांचं. वय बहात्तर, पण अजून स्कूटर चालवत. पाहुणे आले तेव्हा ते जमिनीवर बसून माइकांचा ढीग तपासत होते. एकेक माइक वायरीला जोडायचा, बोटाने दोनदा टिचकी मारायची, फुंकर घालायची, कोपऱ्यातल्या भोंग्याकडे कान द्यायचा. भोंगा बोलला तर उजवीकडे. नाही तर “मेला हा” म्हणायचं आणि डावीकडे.

बोलणं मात्र ते मोजकंच बोलले. मुलगा सणाला आला होता. डिस्क मिळाली, कपाटात ठेवली, असं जेवताना म्हणाला. येळवशीला सकाळी अकराला पूजा झाली. मुलगा धोतर नेसून पूजेला, त्याची पँट घरात खुंटीवर. पूजेनंतर ते स्वतः दरवर्षीप्रमाणे दोस्तांच्या शेतांत जेवत हिंडले. काशप्पाकडे, माणिकप्पाकडे. कुठे कुठे ते आता आठवत नाही. चार-साडेचारला परतले. मृत्युंजय दिवसभर आपल्याच कोपीत पाहुण्यांना वाढत होता, हे गावातल्या वीस माणसांनी सांगितलं.

सिद्धलिंगप्पांच्या पत्नी नागव्वा चहा घेऊन आल्या. त्या दोघी चुलीपाशी बसल्या तेव्हा विजयश्रीने येळवशीचा स्वयंपाक विचारला आणि म्हातारी खुलली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शंभर माणूस जेवून गेलं. आणि संध्याकाळी ह्यांनी पुन्हा मागितलं. चार भाकरी खाल्ल्या, उभ्याउभ्याच. हात मातीचे, धुवायचीही शुद्ध नव्हती.

मग आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक सांगितलं. दिवाळीत मृत्युंजयने लॅपटॉपवर काहीतरी लावलं होतं. ओरडण्याचं. हे दुकानातून पळत आले, पायात काही नाही, “मंजू” म्हणत. तिथून दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत.

भगवानराव तेव्हा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. वहीत लिहिलं नाही, कारण त्यात चोरीचं काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयश्रीने सगळ्यांना खजुरीच्या शेतात बोलावलं. कोप अजून उभी होती. ज्वारीतून वाट काढत शिवप्रसाद आला आणि मेव्हण्यापासून लांब उभा राहिला. सुधारानी आली. सिद्धलिंगप्पा बांधावर बसले, शेजारी नागव्वा.

“भगवानरावांचं मत शिवप्रसाद,” विजयश्री म्हणाली. “मत वाईट नाही. चुना आहे. पण त्या दिवशी पांडवांना हात लावून पाया पडणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला चुना असतो. चोर पूजेनंतर निघाला, एवढंच त्यातून कळतं. किल्लीचंही तसंच. एक शिवप्रसादकडे, एक सुधारानीकडे, आणि मृत्युंजयचा जुडगा दिवसभर घरात खुंटीवरच्या पँटच्या खिशात. कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात.”

ती कोपीच्या सावलीत सरकली.

“आता माइक. चोर आत आला, दबकत. समोर माइक दिसला. त्याने त्याला दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली आणि थांबला. भगवानरावांना तो धक्का वाटला. धक्का लागल्यावर कुणी फुंकत नाही. तो माइक चालू आहे का, हे बघत होता. आणि बघून झाल्यावर तो निर्धास्त झाला. पावलं भरभर, कपाट दणकन, खुर्ची ओढून बारा मिनिटं बसला. म्हणजे त्याची खात्री झाली होती की माइक बंद आहे.”

“पण चालू होता,” सुधारानी म्हणाली.

“हो. तुला ते ठाऊक होतं आणि मृत्युंजयला. तुमच्यापैकी कुणी असतं तर पलीकडे जाऊन रेकॉर्डर बंद केला असता. शिवप्रसादला ठाऊक नव्हतं, पण माइक एकीकडे आणि मशीन दुसरीकडे असतं हे तो जाणतो. त्याने आधी भिंतीपलीकडे बघितलं असतं. शिवाय डिस्क त्याचीच. लपवायची तर दिलीच नसती.”

शिवप्रसादने पहिल्यांदा वर पाहिलं.

“टिचकी मारायची, फुंकायचं आणि भोंगा बोलतो का ते ऐकायचं. भोंगा गप्प तर माइक मेला. ही चूक एकाच माणसाची असू शकते. ज्याने पन्नास वर्षं प्रत्येक माइकला भोंगा जोडलाय.”

कुणी बांधाकडे पाहिलं नाही. भगवानरावांनीही वहीतच डोळे ठेवले.

“येळवशीला माणूस साडेचार तास दिसला नाही तरी विचारत नाही. कुणाच्या तरी कोपीत जेवत असेल. स्कूटरवर गुलबर्गा जाऊन यायला तेवढा वेळ पुरतो. पण चार घरचं जेवून आलेला माणूस संध्याकाळी उभ्याउभ्या चार भाकरी खात नाही. अप्पा, तुम्ही त्या दिवशी उपाशी होता. आणि खुर्चीत बसून जे ऐकू येतं, ते रडणं आहे. मी फार वेळ ऐकलं. माफ करा.”

ज्वारीत वारा फिरला.

“अप्पा,” मृत्युंजय म्हणाला, “कामून? मला म्हणायचं होतं.”

“म्हटलो की. तू ऐकलास?” सिद्धलिंगप्पांचा आवाज शांत होता. “दोन दिवस बोललो न्हाई, ते कशाला? माझी लेक मरताना ओरडली न्हाई. ओरडू शकली न्हाई. आता तू मशीनकडनं ओरडवणार. पोरं खेळणार, मरणार, पुन्हा सुरू करणार. किती वेळा ओरडायचं तिनं?”



“डिस्क कुठाय?” विजयश्रीने विचारलं.

म्हाताऱ्याने शेताच्या कडेला बोट दाखवलं. तिथे लिंबाखाली मंजुश्रीची समाधी होती. घराण्यातल्या सगळ्यांसारखं तिलाही इथेच बसवून मातीत ठेवलं होतं.

“आवाज तेवढा वर राहिला होता,” ते म्हणाले. “तोबी तिच्याकडं दिला.”

मृत्युंजय दोन पावलं तिकडे गेला आणि थांबला. त्याच्या पुढून शिवप्रसाद गेला. समाधीपाशी गुडघे टेकून त्याने हाताने माती काढायला सुरुवात केली. काळी माती वरून भुसभुशीत होती. सिद्धलिंगप्पा उठले, त्याला अडवायला निघाले, पण तो वळून म्हणाला, “अप्पा, ती माझीबी होती. मी सहा वर्षं लावली न्हाई, पण हाय एवढं ठाऊक होतं. तुम्ही मला विचारलं न्हाई.”

म्हातारे जागच्या जागी उभे राहिले. असं काही त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

एका जुन्या धोतराच्या फडक्यात, वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या. भोंगेवाल्याने वस्तू ओल लागणार नाही अशी बांधली होती. शिवप्रसादने ती उघडली नाही. छातीशी धरून तो मेव्हण्याला म्हणाला, “वाट सांगायला तिला ठेव. पहिल्यासारखं. ओरडायला न्हाई देणार.”

मृत्युंजयने होकार दिला. कंपनी मानेल का, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याने तसं सांगितलं. नाही मानली तर डिस्क शिवप्रसादच्या घरी परत जाईल, असंही म्हणाला. विजयश्रीने भगवानरावांना वही मिटायला सांगितली.

शिवप्रसाद सासऱ्यांपाशी आला. “चालली तर ऐकणार का, अप्पा?”

सिद्धलिंगप्पा फडक्याकडे बघत राहिले.

“त्यात ती कशी बोलती?”

“हळू. लई हळू. ‘घाबरू नको, पुढचं दार उघड’, असलं.”

म्हाताऱ्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. नागव्वा बांधावरून उठल्या होत्या, पदर हातात धरून.

“मग आधी हिला ऐकव,” ते म्हणाले.