एकाच पेल्यातून

बल्गेरियातल्या तार्नोव्हो शहरात टेकडीवरच्या विद्यार्थी वसतिगृहात जून लागला की लिंडनच्या फुलांचा वास थेट जिन्यापर्यंत येतो. डॉक्टर नेव्हेना रादेव्हा तरुणपणी इथेच राहिली होती. आता ती जिल्ह्याची साथरोग अधिकारी म्हणून आली होती, पण पहिली पायरी चढतानाच तिला गलबलून आलं.

वसतिगृहात गालगुंडांची साथ होती. कामेन नावाच्या मुलाचा तर एक कान कायमचा गेला होता. तिने आजाऱ्यांना वरच्या मजल्यावर वेगळं ठेवलं, बाकीच्यांना लस टोचली आणि एकेकाला विचारत बसली, कुणाचं उष्टं प्यायलात?

"नेनाचं," कामेन म्हणाला. "बोझा आणते ती, बाजरीचं आंबटगोड पेय. एकच पेला सगळ्यांत फिरवते. नको म्हटलं तर म्हणते, 'मोठा राजपुत्र लागून गेलास का रे?'"

सगळ्यांनी तेच नाव घेतलं. रखवालदारीण स्तोयना मात्र मान हलवत राहिली. "या नावाची पोरगी इथे नाही, डॉक्टरबाई. दारातून मांजर गेलं तरी मला कळतं."

नेव्हेना पुन्हा कामेनकडे गेली. "दिसते कशी?"

"केस आखूड, स्वतःच कापलेले. पुढचा दात तुटलाय, म्हणून हसताना तोंडावर हात. पण गाते काय! वार्नाला जाणार म्हणते, गाणं शिकायला. वडील नाही म्हणतात, तरी जाणारच."

नेव्हेनाची जीभ पुढच्या बसवलेल्या दाताला लागली. वार्नाचं तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. वडिलांपुढे तिचं काही चाललं नव्हतं. गाणं तिथेच राहिलं. तिला नेना म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, गावाकडची म्हातारी आई.

भीती वाटायला हवी होती. पण दुपारभर ती स्वयंपाकघरात दार उघडं टाकून बसली, लेकीची वाट पाहावी तशी.

जिन्यात कुणीतरी गाऊ लागलं.

दुसऱ्या कडव्यात आवाज कुठे फाटणार, तिला ठाऊक होतं. तिथेच फाटला.

ती धावली. जिना रिकामा होता. कठड्यावर अर्धा भरलेला पेला, वर अजून फेस.

साऱ्यांना जे करू नका म्हणून बजावलं होतं, तेच तिने केलं. एकच घोट घेतला. डोळे भरून आले.

त्यानंतर नवा रुग्ण आला नाही. वसतिगृह पूर्ववत झालं. निरोप घेताना कामेन म्हणाला, "तुम्ही स्वयंपाकघरात बसला होतात ना, नेना त्याच दिवशी गेली. आईची फार आठवण येते म्हणाली."

नेव्हेनाने तिथूनच गावी फोन लावला.

"अगं, आत्ता तर अंगणात गेलीस," आई हसली. "अंगणातून फोन कसला करतेस? ये आत. किती वर्षांनी घर गातंय बघ."

गाणं ऐकू येतंय का म्हणून नेव्हेनाने फोन कानाशी दाबला.

"आणि नेना," आई म्हणाली, "सकाळपासून माझा हा एक गाल का गं दुखतोय?"