देठातली थरथर

प्रयोगशाळेच्या दारातच नव्यानं आलेल्या संशोधकाशी माझी टक्कर झाली. त्याच्या हातातल्या दोन बाटल्या मी कशाबशा झेलल्या, आणि आतले भाताचा रस शोषणारे तुडतुडे बघून मला हसूच आलं.

"हसताय काय? दोन नव्या जाती आहेत," तो ऐटीत म्हणाला. "एक लांब पंखांची, एक आखूड."

"एकच आहे हो! पोटभर रस मिळाला की यांचे पंख आखूड राहतात. गर्दी झाली, रोप सुकायला लागलं, की लांब पंखांचे निघतात… उडून जायला." मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "मागच्या पायावर तो हलणारा काटा दिसला? ती या कुळाची खूण. जात मात्र नराचं पोट उघडून ठरवायची. पंखांवर जाऊ नका."

"पंखांकडे लक्षच नाहीये माझं," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

एकाच्या दोन जाती केल्या म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव 'डबल' पडलं. मी झाले बाईसाहेब. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

तुडतुड्यांच्या हाका आपल्याला ऐकू येत नाहीत. नर देठात थरथर सोडतो, मादी त्याच देठातून उत्तर देते. ती थरथर आम्ही यंत्रानं टिपायचो. शेजारी बसलेल्या त्याचा खांदा लागायचा आणि माझंच काळीज धडधडायचं! पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की चकार शब्द काढायचा नाही, हा सरांचा नियम. बोललं तरी पान हलतं.

त्या दुपारी मादीनं एकदाचं उत्तर दिलं. हेडफोनमध्ये तिची बारीक गुरगुर… आणि तेवढ्यात त्याचे ओठ हलले. मी पटकन बोट ओठांवर ठेवलं. शू!

"काय म्हणत होतास?" नंतर मी विचारलं.

"काही नाही, बाईसाहेब."

आठवड्यानं त्यानं लग्न ठरल्याचं सांगितलं. "छुपा रुस्तम!" सर हसले. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्याला जिन्यात गाठलं.

"मला आधी नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं की. घरच्यांनी मुलगी बघितलीये, नकार कळवू ना, म्हणून. तू गप्प केलंस."

"रेकॉर्डिंग चालू होतं रे! कानावर हेडफोन होता… मला ऐकूच आलं नाही." मी त्याचं मनगट धरलं. "वेड्या, प्रेम आहे माझं तुझ्यावर."

तो मटकन पायरीवर बसला.

"मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेस, तुला नकोय. पुन्हा कशाला विचारून गळ्यात पडायचं…" त्याचे डोळे भरले. "काल भेटलो तिला. इतकी आनंदात होती गं ती. आता काय करू? मोडू?"

हो म्हण, हो म्हण, असं सगळं अंग ओरडत होतं. पण तिनं माझं काय वाकडं केलं होतं?

"नको," मी म्हटलं.

हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं.