चंद्री माजावर आली तेव्हा

सुदर्शननं मोटारसायकल गोठ्यापाशी लावली, मागं बांधलेलं नळकांडं सोडलं, प्लास्टिकचा हातमोजा बोटांपासून थेट खांद्यापर्यंत चढवला आणि विचारलं,

"कुठंय चंद्री?"

समोरच्या मुलीनं ओढणीत गुंडाळलेलं मांजर पुढं केलं.

"ही काय."

सुदर्शननं मांजराकडं पाहिलं. मांजरानं हातमोज्याकडं पाहिलं. मग मुलीनंही हातमोज्याकडं पाहिलं आणि मांजर घाईनं छातीशी ओढून घेतलं.

"ताई... फोनवर तुम्ही म्हणालात, चंद्री माजावर आलीय."

"आलीच आहे! ऐका की."

चंद्रीनं लगेच पुरावा दिला. तो ऐकून गोठ्यातल्या दोन्ही गायी रवंथ करायच्या थांबल्या.

"मी विचारलं, वेतं किती झाली... तुम्ही म्हणालात एक."

"एकच झालंय. तेही लई अवघड गेलं तिला."

"मी विचारलं, दूध किती देते... तर तुम्ही फोनच ठेवला!"

"मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय."

सुदर्शन मढचा. ओतूरपासून वरच्या डोंगरवाड्यांपर्यंत कुणाची गाय माजावर आली की नळकांड्यातली वळूच्या रेताची थंडगार कांडी काढून तिला भरवायची, हा त्याचा धंदा. तो डॉक्टर नव्हता. पण लोक डॉक्टर म्हणत आणि महिनाभर दुरुस्ती करून त्यानं तो नाद सोडला होता. संपतरावांच्या मोबाईलमध्येही तो 'डॉक्टर' म्हणूनच होता. त्यांच्या मुलीनं, हर्षालीनं, तोच नंबर लावला.

ओतूरच्या मळ्यात हर्षालीची टोमॅटोची रोपवाटिका होती. ट्रेमध्ये बी पडलं की उंदीर रात्रीत साफ करायचे, म्हणून तिनं चंद्रीला पाळलं. चंद्रीनं उंदीर संपवले आणि रिकाम्या वेळात संसार थाटला. पहिल्याच बाळंतपणात पिल्लू अडकलं. ती कशीबशी वाचली.

सुदर्शननं हातमोजा काढला. आलोच आहोत तर, असा विचार करून त्यानं नारायणगावच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. हकिगत ऐकून मॅडम इतक्या हसल्या, की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. मग मात्र त्या गंभीर झाल्या. चंद्रीला त्यांनीच वाचवलं होतं.

"पुन्हा गाभण राहिली तर ती जगायची नाही. ऑपरेशन करू. पण भर माजात नको, रक्त जास्त जातं. उतरू दे, की लगेच आणा. तोवर दाराबाहेर सोडायचं नाही. आणि घरच्या घरी कसली गोळीबिळी देऊ नका."

"माज किती टिकतो हो?" फोन बंद झाल्यावर हर्षालीनं विचारलं.

"एक दिवस," सुदर्शन ठामपणे म्हणाला. आयुष्यभर त्यानं गायीच पाहिल्या होत्या. "उद्या सकाळी उतरलेला असेल. मी येऊन बघतो... ताई."

दुसऱ्या दिवशी तो आला. उतरलेला नव्हता.

"आता उद्या नक्की," तो म्हणाला.

गाईच्या शास्त्राप्रमाणे चंद्री रोज चुकत होती आणि सुदर्शन रोज येऊन ती चूक तपासत होता.

चंद्रीला मधल्या खोलीत कोंडलं होतं. खिडकीला जुनं लुगडं, कोपऱ्यात वाळूचं घमेलं. ती जमिनीवर लोळायची, माणसाच्या पायाला, कणगीला, भिंतीला अंग घासायची, मागचा भाग वर करून शेपूट बाजूला धरायची आणि असा सूर लावायची, की पलीकडच्या मळ्यातून लोक विचारायला आले, घरात कोण आजारी आहे.

"सोड की तिला, हर्षे," संपतराव तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाले. "निसर्गाचं काम हाये त्ये. डोळ्याला डोळा न्हाई लागला."

"आबा, मरेल ती."

संपतराव उठून कोनाड्यात चाचपू लागले.

"मंग घरात कापूस हाय का? कानात घालायला."

कुंपणावर एक गलेलठ्ठ तांबडा बोका ठाण मांडून होता. संपतरावांची बहीण बायडाबाई त्याला 'पावणं' म्हणे. "पावणं आलं गं हर्षे! सकाळधरनं बसल्यात, च्या बी मागितला न्हाई." सुदर्शन आला तरी ती हीच हाळी द्यायची. मग हर्षालीला कोणतं पावणं आलं ते बघायला ओसरीवर यावं लागायचं. बोका असला तर ती लगेच आत जायची.

मॅडमनी सांगितलं होतं, खेळवा, पाठीवरून हात फिरवा, कोमट ओलं फडकं ठेवा. ते काम दोघं करायची. मधे चंद्री, इकडं हर्षाली, तिकडं सुदर्शन. तिच्या हाताला रोपवाटिकेतल्या ओल्या कोकोपीटचा वास असायचा. एकदा फडकं देताना बोटं बोटांना लागली... दोघांनीही ती काढायला अंमळ उशीर केला. चंद्री मधे ओरडली. पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

एक गोष्ट हर्षालीनं नीट टिपली. पहिल्या दिवशीचं 'ताई' कुठंतरी गळून पडलं होतं. त्याच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं. सुदर्शन आता नुसता खाकरायचा आणि बोलायला लागायचा.

"गाया तुम्हाला घाबरत असतील ना?" तिनं विचारलं.

"काय की... त्यांची-माझी ओळख मागच्या बाजूनं. तोंड क्वचित बघायला मिळतं."

"मग इथं बरं आहे की तुमचं."

"इथं..." तो खाकरला. "इथं लईच बरं आहे."

हर्षालीनं फडकं पिळलं. आधीच पिळलेलं होतं.

"उद्या उतरेल का माज?" ती म्हणाली.

"उतरायला पाहिजे." मग चंद्रीकडं बघत, हळूच, "आणखी थोडा टिकला तरी माझी ना नाही..."

ती हसली. दिवसभर काम करता करता हसत राहिली. दोन ट्रेमध्ये बी दोनदा टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन आला तेव्हा हर्षालीनं नुकतेच केस धुतले होते आणि ती ते मोकळे सोडून मधल्या खोलीत दाराकडं पाठ करून उभी होती. त्यानं दार उघडलं. लावायचं असतं, हे त्याला माहीत होतं. फक्त आठवलं नाही.

त्याच्या पायांमधून काहीतरी सर्रकन गेलं.

"चंद्री!"

कुंपणावरचं पावणं जागेवर नव्हतं.

मग धावाधाव. गोठा, रोपवाटिका, उसाचा बांध. चैत्राचं ऊन तापलेलं, सगळीकडं कांद्याचा वास, आणि हर्षाली सगळ्यांच्या पुढं. बांधावर ती एकदम थांबली, वळली.

"मुद्दाम उघडं ठेवलंत!"

"मी?"

"तुमचीच ना नव्हती! टिकावा असं तुम्हालाच वाटत होतं."

सुदर्शनचा चेहरा उतरला. माज सोडून बाकी सगळं उतरत होतं.

"वाटत होतं," तो म्हणाला. "अजून वाटतं. ऑपरेशन झालं की मला इथं यायला कारण राहणार नाही, हे मला केव्हाच कळलंय. पण तिच्या जिवावर नको होतं मला काही... दार विसरलो. तुमच्या केसांकडं बघत होतो."

हर्षालीनं मोकळे केस मुठीत धरून मागं बांधले. आणि त्याच क्षणी बराखीच्या छपरावरून ओळखीचा सूर आला.

कांदे साठवायची लांबलचक बराख, वर पाचटाचं छप्पर. चंद्री टोकाला लोळत होती. दुसऱ्या टोकाकडून पावणं पाहुण्याला शोभेल अशा सावकाशीनं निघालं होतं. सुदर्शन मेढीवरून वर चढला, पाचटावर पोटावर सरकला, बोक्याच्या आणि तिच्या मधे हात घातला. चंद्रीनं मनगटापासून कोपरापर्यंत नखं ओढली. त्यानं सोडलं नाही. छपरानं मात्र सोडलं. पाचट, वासा, मांजर आणि सुदर्शन, सगळे एकदम खाली कांद्यांत.

संपतराव धापा टाकत आले. वर्षाचा कांदा इकडं तिकडं घरंगळत होता.

"कांद्याचं ऱ्हाऊ द्या! मांजर घावलं का?"

कांद्यांतून एक रक्ताळलेला हात वर आला. त्यात चंद्री होती.

"आत्या, बोका पोचला होता का गं तिच्यापर्यंत?" हर्षालीनं चंद्रीला दोन्ही हातांनी घेत विचारलं.

"न्हाई गं बाई," बायडाबाई म्हणाली. "म्या बघत व्हते. बापड्यानं लांबनंच दर्शन घेतलं."

हर्षालीनं चंद्रीला आत नेऊन कोंडलं, स्वतः कडी लावली. मग हळद न् पाणी घेऊन ओसरीवर आली आणि सुदर्शनचा हात धुऊ लागली. बराच वेळ धुतला. तो हात तितका काही मळलेला नव्हता.

"सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या," ती म्हणाली. आणि मान वर न करता, "मी बांधावर बोलले ते... चुकलं माझं."

"अर्धंच चुकलं," तो म्हणाला.

अखेर एका सकाळी चंद्री शांत उठली, दूध प्याली आणि काही घडलंच नाही अशा तोंडानं अंग चाटत बसली. दोघांनी मॅडमना फोन केला. वाईट बातमी कळवावी तसा.

ठरलेल्या दिवशी उपाशी चंद्रीला टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसवलं, वरून दुसरं क्रेट पालथं घातलं, सुतळीनं आवळलं आणि मोटारसायकल नारायणगावला निघाली. क्रेट दोघांच्या मधे होतं. जाताना त्याचा आधार वाटला. येताना अडचण. मॅडमनी सांगितलं होतं, सगळं सुरळीत झालं, पोटात काही नव्हतं. हर्षाली तिथंच रडली होती.

मग जखम बघायला सुदर्शन आला. मग टाके काढायला चंद्रीला न्यायला आला. मग कारणं संपली.

त्याचं येणं थांबलं. हर्षाली रोपांना पाणी देताना रस्त्याकडं बघायची. गाड्या वाजायच्या, पुढं निघून जायच्या. एकदा तिनं मोठ्या आशेनं गोठ्यात डोकावून पाहिलं. पण दोन्ही गायी गाभण. त्यांच्याकडूनही मदत होण्यासारखी नव्हती. फोन तिनं कितीदा हातात घेतला... म्हणायचं काय?

एका संध्याकाळी संपतराव आणि बायडाबाई अंगणात कांदा निवडत बसले होते. मोटारसायकल आली. मागं नळकांडं नव्हतं. सुदर्शनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि त्या शर्टापेक्षाही तो ताठ होता.

"या डॉक्टर," संपतराव म्हणाले. "आज कुनीकडं?"

"इथंच."

"आमी न्हाई बोलावलं. काय काम काढलं?"

"काम नाही, आबा."

"मंग?"

येताना मढपासून ओतूरपर्यंत त्यानं तीन कारणं तयार केली होती. तिन्ही चांगली होती. त्यानं तिन्ही गिळली.

"हर्षालीला भेटायला आलोय."

बायडाबाईच्या हातातला कांदा हातातच राहिला. या मळ्यात पोरीच्या बापापुढं कुणी असं बोललं नव्हतं. आणि तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. संपतरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नजर मनगटावरच्या ओरखड्यांवर थांबली, पुढं गेली.

"तिनं बोलावलंय का तुला?"

सुदर्शनला खोटं बोलता येत नसे.

"नाय... तिनं नाय..."

"बोलावलंय," रोपवाटिकेच्या दारातून आवाज आला.

हर्षाली उभी होती, कोपरापर्यंत मातीचे हात, कान लालभडक. तिनं काही बोलावलेलं नव्हतं. हे बाकीच्या तिघांनाही माहीत होतं.

"मीच बोलावलंय, आबा," ती म्हणाली. "आणि केव्हाचं बोलावलंय. हेच आत्ता येतायत."

संपतरावांनी जवळचं रिकामं पोतं उचललं, दोनदा झटकलं आणि आपल्या शेजारी अंथरलं.