बाईसाहेबांचा डावा डोळा

"घोड्याजवळ डावीकडून जातात. कॉलेजात एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?"

त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे बाबांच्या रायडिंग स्कूलमध्ये, जिथे मी शिकवते, सगळ्यांना ठाऊक आहे. या नव्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं. नेहमीचे डॉक्टर आजारी म्हणून तो आला होता, तेही फक्त घोड्यांना लसी टोचायला. आणि तबेल्यात खुशाल उजवीकडून बाईसाहेबांच्या ठाणात शिरला होता.

बाईसाहेब म्हणजे आमची तपकिरी घोडी. खोगीर चढवायचं, लगाम धरायचा, वर बसायचं, सगळं घोड्याच्या डावीकडून, ही आमच्या धंद्यातली जुनी शिस्त. आणि गेले दोन महिने ती डावीकडून येणाऱ्या प्रत्येकाला चावत होती. रविवारी हिला देऊन टाकायचं, असं बाबांनी जाहीर केलं होतं. मी घोड्यावर बसायला शिकले ती तिच्याच पाठीवर.

डॉक्टरने तिच्या डाव्या डोळ्यासमोर तळहात नेला. पापणी हलली नाही.

"या बाजूने आलेलं तिला जवळजवळ दिसतच नाही," तो हळूच म्हणाला. "अंधारातून अचानक कोणी अंगावर हात टाकला, तर तुम्ही काय कराल?"

"चावेन."

"वाटलंच मला."

तो हसला. मी नाही हसले... पण हसू दाबायला जरा कष्ट पडले.

डोळ्याच्या आत सूज होती. शरीर आपल्याच डोळ्याला परका समजून त्याच्यावर चालून जातं, असं त्याने सांगितलं. "घरातलंच भांडण म्हणा. मधूनमधून शांत होतं, मिटत मात्र नाही." डोळ्यातून पाणी यायचं तेव्हा आम्ही धुळीला दोष देत बसलो होतो.

उपचार होऊन जाऊ देत म्हणून बाबांनी रविवार पुढे ढकलला. दिवसातून चार वेळा थेंब, उन्हात तोंडावर जाळी, आणि दर गुरुवारी तो. घोडीची पापणी कशी उघडायची हे शिकवताना त्याची बोटं माझ्या बोटांवर यायची.

"हात थरथरतोय तुमचा, मास्तरीणबाई."

"घोडी डोकं हलवतेय."

"ती तर झोपलीये —"

तिसऱ्या आठवड्यात डोळा स्वच्छ उघडला. बाबांनी तिला देऊन टाकायचा विचार सोडला. "तरी सहा आठवडे थेंब चुकवायचे नाहीत," असं बजावून डॉक्टर पंधरा दिवस परगावी गेला.

मी चुकवले. घोड्याच्या पायावरची सूज उतरली की आम्ही लेप बंद करतो. डोळ्यालाही मी तोच न्याय लावला. थेंबांची बाटली पाहिली की घोडी मान उंच करून टाळायची, आणि डोळा तर चमकत होता.

तो परतला तेव्हा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता.

"मी थेंब बंद केले," त्याने विचारण्याआधीच मी सांगून टाकलं. तो बराच वेळ डोळा तपासत राहिला. "दिसणं गेलंय," शेवटी म्हणाला, "आता फक्त दुखणं उरलंय." डोळा काढावा लागला.

त्या संध्याकाळी ठाणाबाहेर मी त्याला विचारलं, "माझ्यामुळे गेला ना?" बाबा म्हणाले होते, नशीब. बाकी सगळे म्हणाले होते, छे, तुझं काय त्यात.

"काही अंशी," तो म्हणाला. "थेंब चालू असते तर डोळा कदाचित आणखी काही वर्षं टिकला असता. कदाचित नसताही टिकला. मला खरंच माहीत नाही."

मी रडले. त्याने रडू नका म्हटलं नाही, शेजारी उभा राहिला फक्त. मला बरं वाटावं म्हणून हा माणूस खोटं बोलला नाही, आणि माझा जीव जडला तो तिथेच.

दहा-बारा दिवसांनी टाके निघाले. दुखणं संपल्यामुळे बाईसाहेब भरपूर खात होत्या, माझ्या खांद्यावर मान टाकून डुलक्या घेत होत्या.

"म्हणजे... इथलं तुमचं काम संपलं," मी म्हणाले.

"दुसरा डोळा आहे ना. तो तपासत राहायला हवा."

"किती दिवसांनी?"

"सहा महिन्यांनी एकदा. तेवढं पुरे."

माझा चेहरा उतरला असणार. त्याने बॅग बंद केली, दाराशी गेला, तिथेच थबकला.

"हे झालं डॉक्टरचं उत्तर. पण तुमच्याशी मी खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो... मला पुढच्या गुरुवारपर्यंतही राहवणार नाही."

"मी थेंब बंद करणारी बाई आहे," मी म्हणाले. "माझ्यावर भरवसा ठेवाल?"

"विचारायच्या आत कबूल केलंत तुम्ही. भरवशाला आणखी काय लागतं?"

मी पुढे झाले, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि खाली ठेवली.