शिडी धर, मी उतरतो

या, असे जवळ सरका. आवाज चढवून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

आणि खरी आहे. ज्याच्यावर बेतली, त्याच्याच तोंडून ऐकलेली. सांगताना तो रडला नाही, थरथरला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, रस्त्याचा पत्ता सांगावा तसं सांगत राहिला.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही रात्रीची नाही.

रविवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ऊन लख्ख. जागा म्हणाल, तर घरामागचं अंगण आणि तिथली आठ बाय दहा फुटांची एक शेड.

त्याला आपण धाकटा म्हणू. वय एक्कावन्न, कचेरीत कारकून. त्याचा दादा सात वर्षांनी मोठा. दादाने तीस वर्षं लेथ मशीनवर काढली होती आणि त्या तीस वर्षांनी त्याचे दोन्ही कान नेले होते. तोंडाकडे बघून बोललेलं तेवढं कळायचं. दोघांची घरं एकाच रस्त्यावर.

दादा निवृत्त झाला आणि म्हणाला, मागे एक शेड बांधायची. हत्यारं ठेवायला.

"हत्यारं ठेवायला की स्वतःला ठेवायला?" वहिनीने विचारलं.

"दोन्ही. तुझ्या पायात पायात येणार नाही मग."

"मग पक्की बांधा. कडी बाहेरून बसवा."

दोन महिने नुसतं कागदावर चाललं. चौकटीच्या वहीत दादा रेघा मारायचा, खोडायचा, पुन्हा मारायचा. मग अंगणात खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप, मग दुसरं तिरकं माप. दोन्ही सारखी आली तरच चौकट सरळ. अर्ध्या बोटाचा फरक आला, तर दादाने चारही खुंट्या उपटल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावले. "अहो, शेड बांधताय की विमानतळ?"

"विमान आलंच तर तुमच्या गच्चीवर उतरवू, मास्तर!" दादा हसला.

असा माणूस. लाकूड मातीला टेकू नये म्हणून खाली विटांचे थर. पाणी निघून जावं म्हणून छपराला एकाच बाजूला उतार. कुठला स्क्रू वर्षातून कधी आवळायचा, बिजागरीला तेल कधी, लाकडाला रंग कधी, सगळं वहीत लिहिलेलं. शेड उभी राहायच्या आधीच तिची म्हातारपणाची सोय.

आता एक गोष्ट नीट ऐका. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दादा छपरावर असला की त्याला खालून मारलेली हाक ऐकू यायची नाही. म्हणून दोघांनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. दादाने पत्र्यावर एक ठोका दिला, म्हणजे स्क्रू दे. दोन, म्हणजे पत्रा वर सरकव. तीन, म्हणजे शिडी धर, मी उतरतो.

तीन ठोक्यांना उत्तर द्यायचं. धाकट्याने शिडी दोन्ही हातांनी धरायची आणि मग मुठीने तिच्यावर एक ठोका मारायचा. वर दादा शिडीच्या टोकाला तळहात लावून बसलेला असायचा. ठोका त्याला ऐकू नाही यायचा, हाताला कळायचा.

उत्तर हाताला लागल्याशिवाय दादा कधी पाय खाली टाकत नसे.

कधीच नाही.

त्या दिवशी शेवटचा पत्रा चालू होता. चार स्क्रू राहिले होते. धाकटा शेडच्या आत, स्टुलावर बसला होता. सावलीत. हातात मोबाईल, मोबाईलवर पत्त्यांचा डाव.

टक. टक. टक.

त्याने ऐकलं. स्वच्छ ऐकलं.

एवढा डाव संपवून जातो, असं त्याच्या मनात आलं. दादा पुन्हा ठोकत बसेल म्हणून बसल्या जागेवरूनच त्याने कोपऱ्यातल्या खांबाला लाथ मारली. एकदा.

खांबाला शिडी टेकलेली होती.

दादाच्या हाताला उत्तर लागलं.

तो उतरू लागला...

शिडी सरकल्याचा आवाज आला. मग उरलेल्या विटा जिथे रचून ठेवल्या होत्या, तिथून एक आवाज आला. मग काहीच नाही.

धाकटा बाहेर आला, पाहिलं आणि बाजूच्या फाटकातून रस्त्यावर पळाला. माणसं गोळा करून आत आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "तू कुठे होतास रे?"

"दुकानात. वॉशर आणायला."

शब्द आपोआप बाहेर पडले. त्याने ठरवले नव्हते. पण परतही घेतले नाहीत.

मग लोकांनीच पुढचं जुळवलं. धाकटा नव्हता, तरी हा एकटाच उतरायला गेला. भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना चपला घालता घालता म्हणायचा, "घाई केली हो. जरा थांबला असता तर..."

वहिनीसुद्धा म्हणायची, "थांबायला हवं होतं ह्यांनी."

धाकटा मान हलवायचा.

तेरा महिने गेले. तो कचेरीत गेला, फाईली हलवल्या, जेवला, झोपला. कुणी विचारलं तर म्हणायचा, बरं आहे. खरंच बरं होतं. काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसा तो सगळाच दुसऱ्याचा झाला होता.

दादाच्या घरी जायचा, पण पुढच्या खोलीतूनच परत यायचा. मागे नाही.

मग वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, शेडवर काहीतरी वाजतं. रोज चारच्या सुमाराला."

"पत्रा ढिला झाला असेल. वाऱ्याने वाजतो."

"वारा नसतानाही वाजतं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि वर्ष उलटून गेलं," वहिनी म्हणाली. "ह्यांनी वहीत लिहून ठेवलंय, वर्षाला स्क्रू आवळायचे. कुणी हात लावलेला नाही. येता का रविवारी?"

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. म्हणून तो गेला.

शिडी भिंतीलगत आडवी पडली होती. त्याने ती उभी केली, शेडला टेकवली, वरचं टोक दोरीने बांधलं आणि वर चढला.

छपरावर पाचोळा असेल असं वाटलं होतं. नव्हता. एक पानही नाही.

त्याने घरून आणलेला पाना खिशातून काढला. पहिला स्क्रू... घट्ट. दुसरा... घट्ट. सगळी रांग घट्ट. उन्हापावसात तेरा महिने राहिलेला एकही स्क्रू पाव फेराही फिरेना.

तो शेवटच्या पत्र्यापाशी सरकला. त्या दिवशी राहिलेल्या चार स्क्रूंची भोकं इथेच असायला हवी होती.

भोकं नव्हती.

चार स्क्रू होते. चारही सरळ रेषेत. खाली नवीन काळे वॉशर. स्क्रूच्या डोक्यांवर धूळसुद्धा नाही...

"वहिनी!" त्याने वरूनच विचारलं. "कुणाला बोलावलं होतं का कामाला?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "कुणाला बोलावणार? मास्तर म्हणाले होते एकदा, मी करून देतो. शिडी बघूनच घाम फुटला त्यांना. मग चहा पिऊन गेले."

ती हसली नाही. तोही नाही.

तो खाली उतरला. काही वाटतंय का ते त्याने स्वतःलाच विचारून पाहिलं. काही वाटत नव्हतं. बिजागरीला तेल द्यायचं राहिलं होतं म्हणून तो आत गेला.

आत धूळ. जमिनीवर, फळ्यांवर, स्टुलावर. धुळीत पावलं फक्त त्याची, आत्ताची.

भिंतीवर दादाने प्रत्येक हत्याराचा आकार पेन्सिलने काढून ठेवला होता, म्हणजे वस्तू जाग्यावर परत जावी. हातोडी होती. करवत होती. पक्कड होती.

पान्याच्या आकारात पाना नव्हता. नुसती भिंत.

धाकट्याने घड्याळात पाहिलं. चार दहा.

टक.

टक.

टक.

डोक्यावर. बरोबर स्टुलाच्या वर.

कावळा असेल, त्याने मनाशी म्हटलं. तो हलला नाही.

थोड्या वेळाने पुन्हा तीन. दोन ठोक्यांमध्ये एका श्वासाचं अंतर. हे अंतर त्याला ठाऊक होतं. घाईत असलेला माणूस असं ठोकत नाही.

त्याचा पाय खांबाकडे गेला.

आपोआप. सवयीने. खांबापासून चार बोटांवर त्याने तो थांबवला आणि मग कितीतरी वेळ तसाच एका पायावर उभा राहिला.

मग बाहेर आला. दहा पावलं मागे गेला. तिथून सगळं छप्पर उतारासकट दिसत होतं.

रिकामं होतं.

शिडी रिकामी होती. झाडाचं पान हलत नव्हतं.

टक. टक. टक.

तो परत फिरला आणि शिडी धरली. दोन्ही हातांनी, पाय फाकवून. मग उजवी मूठ वळली आणि शिडीवर एक ठोका दिला.

काही झालं नाही...

आणि मग वरची पायरी करकरली.

दोरी ताणली गेली. शिडी त्याच्या तळव्यांत रुतली. ते वजन ओळखीचं होतं. अख्खी शेड बांधून होईपर्यंत ते वजन त्याने धरलं होतं.

करर्र... दुसरी पायरी.

तिसरी.

चौथी.

पाचवी पायरी त्याच्या तोंडासमोर होती. ती वाकली आणि तिथेच थांबली.

काही दिसत नव्हतं. पायऱ्यांच्या मधून पलीकडच्या विटा दिसत होत्या, ऊन पडलेल्या. कुणी उचलल्याच नव्हत्या त्या.

"दादा," तो म्हणाला. आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "मी दुकानात नव्हतो. आत बसलो होतो. खांबाला लाथ मारली होती. तुला वाटलं मी धरलंय."

पायरी तशीच वाकलेली.

"माहीत आहे मला," मागून आवाज आला.

वहिनी होती. हातात भांडी पुसायचं फडकं.

"मी खिडकीत भांडी घासत होते. तुम्ही आत जाताना पाहिलं होतं. बाहेर येताना नाही पाहिलं. ठोके ऐकले. शिडीपाशी कुणी नाही हे दिसत होतं मला." ती फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "हात साबणाचे होते. म्हटलं, भाऊजी जातील."

"मग तुम्ही सगळ्यांना..."

"काय सांगायचं होतं? ह्यांनी घाई केली म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नव्हतं."

धाकट्याने शिडी सोडली नाही.

"रोज वाजतं," वहिनी म्हणाली. "मी रोज इथे दारात येते. उत्तर मात्र देत नाही. भीती वाटते, मी उत्तर दिलं आणि धरता नाही आलं तर..."

ती जवळ आली. फडकं खांद्यावर टाकून तिनेही शिडी धरली. एका बाजूने ती, एका बाजूने तो. दोघांनी मिळून ते वजन धरलं.

"या खाली," ती हळूच म्हणाली. ज्या माणसाला जिवंतपणी ऐकू आलं नाही, त्याला. "दोघं आहोत आता. या."

पाचवी पायरी सरळ झाली.

करर्र... चौथी.

तिसरी.

वजन वर चाललं होतं.

दुसरी. पहिली. दोरी सैल पडली. शिडी त्यांच्या हातात हलकी झाली, नुसत्या लाकडाची.

आणि वरून, पत्र्यावर, स्क्रू आवळल्याचा बारीक आवाज येऊ लागला. सावकाश. एक झाला की दुसरा.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत दोघं तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून धाकट्याने सांगायला सुरुवात केली. आधी मास्तरांना, मग नातेवाइकांना, मग जो चपला घालता घालता घाईबद्दल बोलला होता त्या प्रत्येकाला घरी जाऊन. काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. काही म्हणाले, मनाला लागलंय, औषध घे. शिडीचं त्याने कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं.

"हलकं वाटत असेल आता," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "काही वाटत नाही. फक्त एक कळत नाही. तो वर परत का गेला? माफ केलं म्हणून? की आमच्या हातांवर भरवसाच उरला नाही म्हणून?"

 तुमच्यापाशी याचं उत्तर असलं तरी त्याला सांगू नका.

ठोके अजून येतात. रोज नाही. दोघंही जाऊन शिडी धरतात, उत्तर देतात. पण त्या रविवारनंतर कुणी पहिल्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही.

दादासाठी तुमच्याकडे एकच मागणं आहे. हात जोडून. कधी कुणी म्हणालं, अमक्या घरचा थोरला छपरावरून पडला, घाई केली त्याने, तर तिथे गप्प बसू नका. म्हणा, नाही. त्याने हाताला उत्तर लागेपर्यंत वाट पाहिली होती, आणि उत्तर आल्यावरच तो उतरला होता.

दादाची एवढी आठवण ठेवा.