अर्धी सावली

ओराझगुलला जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच काम होतं. तिचे दिवस ऑगस्टच्या पाच तारखेला भरत होते, आणि विहिरीजवळच्या त्यांच्या वस्तीपासून जिल्ह्याचं गाव दीडशे किलोमीटरवर. मधे काराकुम वाळवंटाची वाळू, एक मोडकी भिंत, आणि बाकी काही नाही.

ऐनाबात तिची थोरली बहीण. अश्गाबातला चार वर्षं राहून नर्सचं शिक्षण घेऊन आलेली, आणि आल्या दिवसापासून वस्तीतल्या म्हाताऱ्यांशी भांडणारी. सर्वांत जास्त भांडण सापार आगांशी. ते वडिलांचे थोरले भाऊ; आईवडील गेल्यावर दोघी बहिणींना त्यांनीच वाढवलं होतं. कुणी कधी कुठं जायचं हे वस्तीत तेच ठरवत. एप्रिलमध्ये पावसानं चिकणमातीची सपाटी निसरडी होते, तेव्हा निघायचं नाही. जूनच्या शेवटी चिल्ला लागतो, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. तेव्हा तर नाहीच. मधला मे महिना तेवढा माणसांचा. ओराझगुलला मेमध्येच न्या, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

ऐनाबातनं ते उडवून लावलं. मेपासून ऑगस्टपर्यंत पोरीनं कुणाच्या दारात पाहुणी म्हणून पडून राहायचं? तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस जुलैभोवती लाल गोल काढला. पहाटे चारला निघायचं, दहाला पोचायचं, ऊन तापायच्या आत. तुमच्या काळी उंट होते, आता गाडी आहे, असंही तिनं ऐकवलं. "उंट बसला तर लाथ मारून उठवता येतो," आगा म्हणाले, "गाडी बसली की काय करशील?" सगळे हसले. ऐनाबातला राग आला, आणि लाल गोल तसाच राहिला.

वीस तारखेला ओराझगुलचा नवरा मेंढ्या घेऊन लांबच्या विहिरीवर होता, म्हणून आगाच गाडी चालवायला बसले. निघताना त्यांनी पाण्याचे कॅन दोनदा मोजले. त्यांचं ते मोजणं ऐनाबातला टोमण्यासारखं लागलं.

साडेआठला इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला.

आगांकडे जुना पट्टा होता. तो बसवेपर्यंत दीड तास गेला. पण इंजिन इतकं तापलं होतं की दर दहा मिनिटांनी पाणी उकळून वर यायचं. पाण्याच्या दोन कॅनपैकी एक गाडीच पिऊन गेली. तेव्हा आगांनी गाडी भिंतीकडे वळवली. कुठल्या तरी जुन्या पंपघराची ती भिंत होती, बाकीचं घर वाळूनं कधीच गिळलेलं. ऊन उतरेपर्यंत इथंच थांबायचं, म्हणाले. दुसरा इलाज ऐनाबातलाही सुचत नव्हता.

भिंत उत्तर-दक्षिण उभी. एक टोक पुरुषभर उंचीवर मोडलेलं, दुसरं दीड पुरुष उंच. सकाळची सावली पश्चिमेला पडली होती. आगांनी लोकरीचा जाड नमदा बुटक्या टोकाशी अंथरला, आणि उंच टोकाखालची रुंद, काळीशार सावली तशीच मोकळी सोडली.

"तिकडं का नाही?" ऐनाबातनं विचारलं.

"अर्धी सोडायची असते. चिल्ल्यात."

"कुणासाठी?"

आगांनी लोकरी टोपी कपाळावर ओढून खरबूज कापायला घेतलं.

तास गेला. वारा नव्हता. वाळूतून तापलेल्या लोखंडासारखा वास येत होता, आणि सगळीकडून एक बारीक आवाज, कुणी दूर उभं राहून दातांतून श्वास घ्यावा तसा. तापलेली वाळू घसरते तिचा आवाज, ऐनाबातनं स्वतःला सांगितलं. बुटक्या भिंतीची सावली आकसत गेली. बारा वाजता ओराझगुलचे पाय उन्हात आले. सुजलेले, लाल. ऐनाबातनं त्यांवर ओढणी टाकली. थोड्या वेळानं ओराझगुलनं तिचं मनगट धरलं, आणि कमरेतून कळ येतेय म्हणून हळूच सांगितलं.

ऐनाबातनं दिवस मोजले. पंधरा दिवस आधी. इथं. लाल गोल तिनं काढला होता, दुसऱ्या कुणी नाही. पोरीला काही झालं तर ते तिच्या हातून झालेलं असणार होतं. तिनं ओराझगुलला उठवलं, नमदा ओढत उंच टोकाशी नेला आणि सावलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला.

आगा धडपडत उठले. "ऐना, निदान विचार तरी."

"कुणाला?"

"फक्त विचार. जागा आहे का, एवढंच म्हण."

"आगा, हिला कळा येतायत. मी वाळूची परवानगी काढत बसू?"

ते जवळ आले आणि आवाज इतका खाली घेऊन बोलले की तिला वाकून ऐकावं लागलं. "चिल्ल्यात निघालेले सगळे पोचत नाहीत, पोरी. आणि जे पोचत नाहीत, ते चालायचे थांबत नाहीत. अर्धी सावली त्यांची असते. ती त्यांना दिली की ते काही मागत नाहीत. आता त्यांना मागावं लागेल."

अशा वेळी म्हातारी माणसं असलं काही बोलतात, याचा तिला संताप आला. तिनं ओराझगुलला आडवं केलं, ओठांना पाणी लावलं, ओढणीनं वारा घालत राहिली. आणि खरोखरच तिथं गारवा होता. इतका की मानेवरचा घाम सुकला. ओराझगुलची कळ ओसरली, श्वास संथ झाला. बघा, असं ऐनाबातला म्हणायचं होतं, पण आगा बुटक्या टोकाशीच, आता पुरत्या उन्हात, पाठ करून बसले होते. बसा तिकडंच, असं मनात म्हणून तिनं डोळे मिटले. पहाटे तीनपासून जागी होती ती.

जाग आली ती आगांच्या हाकेनं. ते तिच्यापासून दहा पावलांवर उभे होते, सावलीच्या बाहेर. चेहरा करपल्यासारखा झाला होता.

"ऐना… हलू नकोस. किती वाजले?"

तिनं घड्याळ बघितलं. "अडीच."

"सूर्य कुठं आहे बघ."

तिनं वर बघितलं. सूर्य डोक्यावरून पश्चिमेकडं कलला होता. म्हणजे भिंतीची सावली आता पलीकडं, पूर्वेला पडायला हवी. पडलीही होती, भिंतीच्या टोकापलीकडं तिची काळी पट्टी दिसत होती. या बाजूला मोकळं ऊन हवं होतं.

पण त्या दोघी सावलीत होत्या.

ती सावली भिंतीकडून येत नव्हती. ती पश्चिमेकडून, उघड्या वाळूवरून आली होती आणि नमद्यावरून चढून भिंतीला टेकली होती. ऐनाबातनं विटांवर तिची कड बघितली. ती सरळ नव्हती. वर-खाली, वर-खाली… डोकं, खांदा, खांदा, डोकं. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांची रांग, आणि त्या पश्चिमेच्या वाळूत नजर पोचेपर्यंत कुणीही नव्हतं. दातांतून श्वास घेतल्याचा तो आवाज आता अगदी जवळून येत होता.

तिला आगांना हाक मारायची होती.

तेवढ्यात ओराझगुल बोलली. डोळे मिटलेले, चेहरा शांत. दारात आलेल्या बाईशी बोलावं तशी, अगत्यानं.

"हो… आहे ना जागा. ये."

"ओराझ," ऐनाबात कुजबुजली, "कुणाशी बोलतेस?"

"दमलीय गं ती… किती चाललीय. बस म्हटलं तिला."

नमद्यावर ऊन पडलं. सगळीकडं नाही, एक पट्टाच. एका माणसाच्या रुंदीचा, ओराझगुलच्या पोटावरून आडवा गेलेला. भिंतीवरच्या रांगेत एक जागा रिकामी झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंची डोकी जागची हलली नव्हती.

पुढचं ऐनाबातला नीट आठवत नाही. आगांनी आणि तिनं ओराझगुलला उचललं, गाडीत घातलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि एकदाही तापली नाही. वाटेत कळा पुन्हा आल्या, जोरात. आगा नुसतेच ओठ हलवत गाडी चालवत होते. एकदाच बोलले, तेही समोर बघत: "मागं बघू नकोस." तिनं बघितलं नाही.

संध्याकाळी दवाखाना आला. सकाळी सहा वाजता ओराझगुल सुखरूप बाळंत झाली. मुलगी.

ऐनाबात तिथंच भिंतीला टेकून रडली, मग तोंड धुतलं, आणि तोंड धुता धुता तिचा जुना ताठा परत आला. ऊन लागलं होतं तिला. आगांनी डोक्यात भरवलं होतं. सावल्यांचं काय, तहानलेल्या माणसाला काहीही दिसतं. पोरगी आणि तिची आई दोघी धडधाकट होत्या, म्हणजे हिशेब चुकला तरी निभावलं होतं. ती प्रसूतिखोलीत गेली.

तिथली सुईण जाडजूड, बोलघेवडी बाई होती. रात्रभर ओराझगुलला हसवत होती म्हणे. आता ती बाळाला कपड्यात गुंडाळून तशीच उभी होती, ऐनाबातची वाट बघत.

"तू शिकलेली आहेस ना," ती म्हणाली. "जरा बघ."

तिनं कापड खालून उघडलं. ऐनाबातनं एक पाऊल हातात घेतलं. तिच्या अंगठ्याएवढं ते पाऊल. टाच राठ होती, पिवळी, आणि तिला भेगा पडलेल्या.

"दिवस उलटून गेले की बाळाची कातडी अशी सुटते," ऐनाबात म्हणाली.

"ही तर पंधरा दिवस आधी आलीय, बाई."

ऐनाबातनं कोमट पाणी मागवलं. पाय धुतले, पाणी ओतून टाकलं, पुन्हा धुतले. दोन्ही वेळा भांड्याच्या तळाशी बारीक पिवळी वाळू बसली. खिडकीखाली अंगणात आगा उभे होते. पोर कशी आहे, म्हणून त्यांनी विचारलं. छान आहे, आईवर गेलीय, असं तिनं सांगितलं, आणि तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मग तिनं ते पाऊल उजेडाकडं वळवलं. टाचेच्या सगळ्यात खोल भेगेत काहीतरी काळं होतं. तिनं नखानं काढायचा प्रयत्न केला. निघेना. उंटकाटा होता तो, वाळवंटातल्या झुडपाचा, आत मोडलेला. त्यावरून कातडी धरली होती, चांगली जाड आणि जुनी, कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमेवर धरते तशी.