खोटं हिरवं कुरण

"मी फाटक उघडणार नाही," मार्नी म्हणाली. "ट्रक आला तरी नाही, मामाने सांगितलं तरी नाही."

"पलीकडेही एक फाटक आहे," फर्गस म्हणाला.

"तिथे तू बस."

"तुझं बरं आहे. सुट्टी संपली की तू मेलबर्नला पळणार. मला डॅडच्याच घरात जेवायचंय."

मार्नी बारा वर्षांची, तिचा मामेभाऊ फर्गस दहाचा. दोघं कुरणाच्या कुंपणावर बसले होते आणि समोर क्विन्स चरत होती. करडी, म्हातारी, लांब चेहऱ्याची घोडी. थोडं चालली की तिचा मागचा पाय झटक्यात पोटापर्यंत वर जायचा, तसाच अधांतरी राहायचा आणि धप्पकन खाली यायचा. समोर कुणी न दिसणारी काठी आडवी धरलीय आणि ती ओलांडायचीय, असं तिचं चालणं झालं होतं. पहिल्या दिवशी फर्गसने तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. आता कुणी हसत नव्हतं.

क्विन्स त्यांच्या आजीची. आजीला सगळे नॅन म्हणत. नॅन मागच्या वसंतात गेली. तेव्हापासून आजोबा, म्हणजे पॉप, व्हरांड्यातल्या खुर्चीतून फारसे उठत नव्हते. कुरणाकडे तर त्यांनी पाठच केली होती. शेताचं सगळं आता फर्गसचे वडील, मार्नीचा कॉलमामा, बघत होता. निर्णयही त्याचाच.

"वय झालंय तिचं," तो सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला होता. "पाय गेले. हाल करण्यापेक्षा बरं. उद्या सकाळी ट्रक येतोय."

त्या ट्रकातून गेलेला घोडा परत येत नाही, हे फर्गसलाही माहीत होतं.

"डॉक्टरांना विचारलंस?" मार्नीने विचारलं होतं.

"म्हातारपणाला डॉक्टर काय करणार? आणि तिला काय कमी केलंय मी? अख्ख्या खोऱ्यात एक हिरवं कुरण उरलंय, तेही तिलाच दिलंय."

हे मात्र खरं होतं. पाऊस रुसला होता. आजूबाजूच्या टेकड्या भाजलेल्या पावासारख्या तपकिरी पडल्या होत्या. हा एकच उतार हिरवागार होता आणि वर पिवळी फुलं डुलत होती. रस्त्यावरून जाणारे लोक गाडी हळू करून बघायचे. मामाला त्याचा अभिमान होता.

"तुम्ही दोघं पोपटांसारखे काय बसलात?" खालून आवाज आला.

शेजारच्या मळ्यातली इंग्रिड घोड्याच्या तोंडावर चढवायची मोरकी घेऊन आली होती. तिच्या घरच्या कुरणात धूळ सोडून काही उरलं नव्हतं, म्हणून तिचा तट्टू निकल महिनाभर इथेच चरत होता. इंग्रिड तेरा वर्षांची होती आणि कुणाच्याही आधी हसायची नाही असा तिचा नियम होता.

तिने निकलला मोरकी घातली आणि फाटकाशी आणलं. फाटक आतल्या बाजूला उघडायचं, त्यामुळे घोड्याला आधी दोन पावलं मागे घ्यावं लागे.

"मागे, निकल. मागे."

निकलने एक पाऊल मागे टाकलं आणि त्याचा मागचा पाय झटक्यात पोटाला लागला.

इंग्रिडने पुन्हा त्याला मागे घेतलं. पाय पुन्हा वर.

"काल असं करत होता?" मार्नीने विचारलं.

"काल मी आलेच नव्हते."

"याचं वय काय?"

"चार वर्षं."

मार्नी कुंपणावरून उडी मारून खाली आली. "मग हाही म्हातारा झाला का?"

मामा पागेपाशी ट्रॅक्टरला डिझेल भरत होता. त्याने सगळं ऐकलं आणि मान हलवली. "काटा गेला असेल पायात."

"दोघांच्याही? आणि मागच्याच पायात?"

"मार्नी, मी तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून घोडे पाळतोय."

"घोडे नॅन पाळायची. तू गाई पाळायचास."

मामाने टोपी कपाळावर ओढली. "ट्रक उद्या येतोय," एवढं बोलून तो ट्रॅक्टरवर चढला.

मार्नीने घरातल्या फोनवरून जनावरांच्या डॉक्टरांना गाठायचा प्रयत्न केला. त्यांच्या बायकोने सांगितलं, ते डोंगरापलीकडे गेलेत, उद्या दुपारनंतर येतील. मार्नीने निरोप ठेवला, पण ट्रक सकाळी येणार होता.

"ठीक आहे," मार्नी बाहेर येऊन म्हणाली. "आपणच शोधू. दोघांचं सारखं काय आहे?"

"पाणी," फर्गस म्हणाला.

"त्याच टाकीचं पाणी गाई पितात. पॉपचा चहाही त्याचाच होतो."

"पॉप पाय उडवत नाहीत," फर्गसने कबूल केलं.

"मग उरलं काय? हे कुरण," इंग्रिड म्हणाली. "गेल्या महिन्यापर्यंत निकल कधी इथे आला नव्हता. क्विन्स कधीपासून इथे आहे?"

"उन्हाळाभर. डॅडने तिला इथून हलवलंच नाही."

मार्नीने फर्गसच्या डोक्यावरची टोपी काढली आणि कुरणात लांब भिरकावली.

"ए, माझी टोपी!"

"जिथे पडेल तिथे टोपीखाली काय आहे ते बघायचं. आपण निवडायचं नाही, टोपीने निवडायचं."

टोपीखाली गवत नव्हतं. जमिनीला चिकटून, थाळीसारखी पसरलेली केसाळ पानं होती. टोपी दुसरीकडे फेकली, तिथे तेच. टेकाडावर, टाकीजवळ, उताराच्या टोकाला, सगळीकडे तेच. मधेमधे जे गवत होतं ते वाळून केव्हाच मेलं होतं. लांबून दिसणारं सगळं हिरवं त्या थाळ्यांचं होतं.

"हे कुरणच नाहीये," इंग्रिड हळू म्हणाली.

ट्रॅक्टर कुंपणापलीकडून जात होता. मामा ओरडला, "डँडेलियन आहे ते, साधं रानफूल! घोड्याला औषधासारखं असतं. जा, चहा प्या!"

फर्गसने एक फूल देठासकट उपटलं आणि उलटंपालटं करून बघितलं. "पण डँडेलियनमधून सरबत पिता येतं," तो म्हणाला.

"काय?"

"नळापाशी उगवतात ना, त्यांचा देठ पोकळ असतो. मी त्यातूनच लिंबू सरबत पितो. आई ओरडते." त्याने नळापाशी जाऊन खरा डँडेलियन आणला आणि त्याच्या देठातून फुंकर मारली. पलीकडून हवा फुर्रकन आली. मग कुरणातला देठ तोंडात धरला. गाल फुगले, कान लाल झाले. हवा काही गेली नाही.

मार्नीने दोन्ही देठ शेजारी धरले. नळापाशीच्या देठाला एकच फूल, कुरणातल्या देठाला फाट्यावर फाटे. एकाची पानं गुळगुळीत, दुसऱ्याची जिभेसारखी खरखरीत.

"दोन वेगळी झाडं आहेत," ती म्हणाली. "आणि मामा एकाच्या नावावर दुसरं खपवतोय. पण हे आहे कोण?"

"आमच्या तट्टू क्लबात तणांचा मोठा तक्ता आहे," इंग्रिड म्हणाली. "भिंतीवर. दर परीक्षेच्या आधी तो आम्हाला पाठ करायला लावतात."

"मग हे ओळखत कसं नाहीस?"

"मी बक्षीस समारंभाला जाते, परीक्षेला नाही."

मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या तट्टू क्लबाचं पत्र्याचं घर सायकलीने फार लांब नव्हतं, पण सुट्टीत त्याला कुलूप. इंग्रिड खिडकीखाली वाकली, मार्नी तिच्या खांद्यांवर चढली आणि काचेवरची धूळ बाहीने पुसली. तक्ता समोरच्या भिंतीवर होता. मार्नीने हातातलं झाड काचेला लावलं आणि चित्रांशी ताडून बघायला लागली.

"सापडलं. फ्लॅटवीड. 'डँडेलियनसारखं दिसतं. देठ भरीव, फाटे फुटलेला. पानं केसाळ. दुष्काळात गवत मेलं तरी हे हिरवं राहतं. घोड्यांनी फार खाल्लं तर मागचे पाय झटके देऊन वर उचलले जातात.'"

"अगं, लवकर वाच, माझी मान मोडतेय."

"'घोडे ताबडतोब दुसरीकडे हलवा. बहुतेक घोडे...'"

"बहुतेक घोडे काय?" फर्गसने विचारलं.

"पुढे कपाट आलंय. ढालींचं."

मार्नी खाली उतरली.

"बहुतेक घोडे बरे होतात, असं असेल," इंग्रिड म्हणाली.

"किंवा बहुतेक घोडे..." फर्गसने वाक्य सोडून दिलं.

मार्नीने कपाळावरचा घाम पुसला. "आपल्याला अर्धं वाक्य माहीत आहे. मामाला तेवढंही माहीत नाही. घोडे हलवायचे, आत्ताच. ट्रक आला तर थांबवायचा. इंग्रिड, किल्ली कुणाकडे असते?"

"अध्यक्षीण बाईंकडे. त्या बहिणीकडे गेल्यात, रात्री येतील. मी सकाळी उजाडताच त्यांच्या दारात उभी राहते."

मामा गाईंचं दूध काढण्यात गुंतला होता तेव्हा त्यांनी दोन्ही घोडे पागेमागच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या वाड्यात नेले. तिथे हिरवं पानही नव्हतं. फर्गसने माळ्यावरून वाळल्या गवताची गासडी ढकलली. क्विन्सने ते हुंगलं आणि मुकाट्याने खायला लागली.

सकाळी ट्रक आला तेव्हा मार्नी वाड्याच्या फाटकावर बसलेली होती. दुसऱ्या फाटकावर फर्गस होता, पायजम्यातच.

मामाने घोड्यांकडे पाहिलं, मग मुलांकडे. "तुम्ही तिला हिरव्यातून काढून धुळीत आणलंत?"

"ते हिरवं विष आहे, मामा."

"खाली उतर."

"नाही."

"मार्नी, हा माणूस कामाचा खोळंबा करून आलाय."

"मग त्याला चहा दे. मी उतरणार नाही. तुला म्हातारपण वाटतंय, तर निकलचे पाय का उडतात ते सांग. सांगता आलं तर मी स्वतः फाटक उघडते."

तेवढ्यात फर्गस फाटकावरून उतरून आला. खांबावर ठेवलेला सरबताचा पेला त्याच्या एका हातात होता, दुसऱ्या हातात कुरणातला देठ.

"डॅड, यातून पिऊन दाखवा."

"फर्गस, मी आत्ता..."

"डँडेलियन आहे ना? मग चढेल सरबत."

ट्रकवाला दाराला टेकून बघत होता. त्याच्यासमोर नाही म्हणणं मामाला जड गेलं. त्याने देठ पेल्यात बुडवून ओढलं. पुन्हा ओढलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. सरबत हललं नाही.

"मी मध्ये पडत नाही," ट्रकवाला म्हणाला. "पण मला एक घोडी न्यायला बोलावलंय. ही पोरगी फाटकासकट येईल असं दिसतंय."

तेव्हा पागेकडून पावलं वाजली. पॉप येत होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच व्हरांड्याखाली उतरले होते. त्यांच्या हातात नॅनची पत्र्याची बादली होती आणि तिच्यात लांब दांड्याचं, दोन टोकांचं खुरपं.

त्यांनी मामाच्या हातातला देठ घेतला, बोटांत फिरवला.

"मोइरा, तुमची नॅन, दर संध्याकाळी कुरणात जायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, पाय मोकळे करायला जाते. बादली भरून आणायची. त्यात हेच असायचं." त्यांनी देठ बादलीत टाकला. "ती गेल्यावर कुणीच गेलं नाही. मीही नाही. ट्रक परत पाठव, कॉल."

"पण घोडी बरी होईल कशावरून?"

"होईल!" लांबून इंग्रिड ओरडली. ती सायकलवर उभी राहून पायडल मारत होती आणि तिच्या पाठीला अख्खा तक्ता गुंडाळून बांधलेला होता. तिने तो ट्रकच्या बॉनेटवर उलगडला आणि कपाटामागे दडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

मार्नीने मोठ्याने वाचलं, "'बहुतेक घोडे कुरण बदलल्यावर बरे होतात. काही महिने लागतात. धीर धरा.'"

"बहुतेक," मामा पुटपुटला.

"बहुतेक," मार्नी म्हणाली. "ट्रकात गेले तर कुणीच नाही."

मामाने तक्ता गुंडाळून इंग्रिडला परत दिला. मग त्याने ट्रकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाला नेलं. जाताना वळून म्हणाला, "मी लांबून बघूनच स्वतःला शहाणा समजत होतो, तुम्ही टोपी फेकून खरं शोधलंत. मानलं तुम्हाला." फर्गसने हे वाक्य सुट्टीभर रोज एकदा म्हणून दाखवलं.

दुपारी डॉक्टर आले, घोड्यांना मागे चालवून बघितलं आणि विचारलं, "ओळखलं कुणी?" पॉपनी नुसतं तिघांकडे बोट दाखवलं. "मग मला कशाला बोलावलंत?" ते हसून म्हणाले.

कुरण रिकामं ठेवायचं ठरलं. मुळासकट खणायचं, अर्धं मूळ राहिलं तर पुन्हा फुटतं. खणलेलं तिथेच टाकायचं नाही. पाऊस पडला की नवं गवत पेरायचं आणि ते धरेपर्यंत एकही खूर आत जाऊ द्यायचा नाही. सुट्टी संपेपर्यंत तिघांच्या हातांना फोड आले. पुढच्या बादल्या पॉपनी भरल्या, रोज संध्याकाळी.

सप्टेंबरच्या सुट्टीत मार्नी पुन्हा आली तेव्हा टेकड्या हिरव्या झाल्या होत्या आणि कुरणात नवं गवत धरलं होतं. पॉप क्विन्सला मोरकी घालून फाटकाशी उभे होते. त्यांनी दोर मार्नीच्या हातात दिला.

मार्नीने घोडीच्या छातीवर तळवा ठेवला. "मागे, क्विन्स."

क्विन्स मागे सरली. मागचे दोन्ही खूर जमिनीला घासत गेले आणि ओल्या मातीत दोन सरळ रेघा उमटल्या.

पॉप त्या रेघांकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"आता उघड फाटक," ते म्हणाले.

मार्नीने फाटक उघडलं.